गिळण्याचे व्यायाम: कोणता, कुणी, किती आणि कसा करायचा

ठसका लागला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी आठवण काढल्याचं जाहीर होतं, आणि 'वर बघ, वर बघ' म्हणत डोक्यावर थापट्या बसतात. धडधाकट माणसाचं त्यात काही बिघडत नाही. अर्धांगवायूनंतर ज्याचं गिळणं बिघडलंय त्याची मान मात्र अशी वर करू नये. मान मागे गेली की श्वासनलिकेचं तोंड जास्त उघडं पडतं आणि घशात रेंगाळलेलं पाणी तिकडेच उतरतं. त्याला पुढे वाकू द्या, खोकू द्या.

व्यायामांच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. 'घशाचे व्यायाम' म्हणून मोबाइलवर आलेले दहा प्रकार सगळेच थोडे थोडे केले जातात. त्यातला एखादा उपयोगी असतो, बाकीच्यांत वेळ जातो आणि एखाद्याने नुकसान होतं. प्रत्येक व्यायामाचं एक ठरलेलं काम असतं, म्हणून आधी आपलं काय बिघडलंय ते कळायला हवं.

हे मार्गदर्शन मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांसाठी आहे: अर्धांगवायूनंतर गिळता न येणारे, आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया वा रेडिएशन घेतलेले. पार्किन्सन्सच्या रुग्णांना यातला काही भाग लागू पडेल.

एका घोटात काय काय होतं

घास चावून झाला की जीभ त्याचा गोळा करते आणि टाळूवर दाबत मागे ढकलते. पुढचं सगळं साधारण एका सेकंदात उरकतं. पडजिभेकडचा मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, हनुवटीखाली बोट ठेवून आवंढा गिळला तर कंठमणी वर जाताना लागतो तो हाच. स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावर झाकण पडतं. जिभेचं मूळ घशाच्या मागच्या भिंतीला टेकून घास खाली रेटतं. आणि स्वरयंत्र वर ओढलं गेल्यामुळेच अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हा शेवटचा दुवा महत्त्वाचा आहे: कंठमणी पुरेसा वर गेला नाही तर अन्ननलिकेचं दार नीट उघडत नाही, घास दाराशी साचतो आणि नंतर श्वास घेताना श्वासनलिकेत घसरतो.

म्हणून 'घास अडकतो' एवढं सांगणं पुरत नाही. तोंडातच, गालात राहतो? जिभेच्या मुळाशी राहतो? की खाली अन्ननलिकेच्या तोंडाशी? रुग्णाला हे बऱ्याचदा नेमकं सांगता येत नाही, त्याचं बोट एका जागी असतं आणि घास भलतीकडे. त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एकीत बेरियम मिसळलेले घास गिळायला देऊन एक्स-रेचा व्हिडिओ घेतात (व्हिडिओफ्लुरोस्कोपी), दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात किंवा स्पीच थेरपी विभागात त्यांची चौकशी करावी. थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला आहे ना, हे विचारायला संकोच नको.

आणि एक धोका. 'ठसका लागत नाही, म्हणजे नीट गिळतायत' हा हिशेब चुकतो. अर्धांगवायूत घशाची संवेदना कमी झाली तर पाणी फुप्फुसात जातं आणि खोकलाही येत नाही. तेव्हा ठसक्याइतकंच लक्ष या खुणांवर ठेवा: घोटानंतर आवाज ओला, घरघरता होणं, डोळ्यांत पाणी येणं, जेवणाला पाऊण तासाहून जास्त वेळ लागणं, वारंवार बारीक ताप, महिन्याभरात कपडे सैल होणं.

बसण्यापूर्वी

व्यायामाची वेळ आणि जेवणाची वेळ वेगळी ठेवा. व्यायामाने स्नायू थकतात, थकलेल्या घशाने लगेच जेवलं तर ठसके वाढतात. दोन्हींत निदान अर्धा तास जाऊ द्या.

तोंड स्वच्छ हवं. नळीने जेवणाऱ्या, म्हणजे राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) किंवा पोटाची नळी असलेल्या रुग्णाचं तोंड 'जेवतच नाहीत तर घासायचं कशाला' म्हणून तसंच सोडलं जातं. खरं तर त्यालाच जास्त गरज असते. लाळ तर तोही गिळतो, आणि ती चुकीच्या वाटेने गेली तर तोंडातले जंतू घेऊनच जाते. दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रशने दात, जीभ आणि लुळ्या बाजूचा गाल आतून साफ करा. कवळी रात्री काढून ठेवा.

खुर्चीत ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले. पलंगावर पाठीशी उशा रचून बसवलेला माणूस पाच मिनिटांत घसरून अर्धा आडवा होतो, त्यापेक्षा हात असलेली खुर्ची बरी. समोर आरसा ठेवा.

कोरड्या तोंडाने आवंढा गिळता येत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळीच तो येईनासा होतो. त्याला आळस समजू नका. पाण्यात बुडवून झटकलेला चमचा किंवा ओला कापूस जिभेवर फिरवला की पुढचा आवंढा येतो. दोन आवंढ्यांमध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या.

जिभेचा जोर

घास गालात राहतो, जिभेला गोळा करता येत नाही, पाणी गिळण्याआधीच घशात ओघळतं, अशांसाठी हा व्यायाम. स्टीलच्या चमच्याची पाठ किंवा डॉक्टर वापरतात ती लाकडी पट्टी घ्या. जिभेच्या टोकावर धरा आणि जिभेने ती वर ढकला, हाताने विरोध करा. ३ सेकंद धरा, सोडा. असे १० वेळा. मग पट्टी जिभेच्या मध्यावर नेऊन पुन्हा १०. दिवसातून तीनदा, आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे.

जोर किती लावायचा? पहिल्या आठवड्यात पूर्ण ताकदीच्या ६० टक्के, नंतर ८० टक्के. दाब मोजायचं यंत्र असतं, पण महाग आहे. जुन्या हिशेबात सांगायचं तर आधी रुपयातले दहा आणे, मग तेरा. इथे चूक होते ती विरोधाची. रुग्णाची दया येऊन नातेवाईक चमचा हलकाच धरतात. जीभ आरामात हलली म्हणजे व्यायाम झाला नाही. जीभ बाहेर काढणं, आत घेणं, डावी-उजवीकडे फिरवणं याने जीभ मोकळी होते, बळकट होत नाही.

जोराचा आवंढा, आणि जीभ दातांत धरून

घास जिभेच्या मुळाशी राहत असेल तर हे दोन.

जोराचा आवंढा सर्वांत साधा. जीभ टाळूवर घट्ट दाबा आणि मोठी गोळी गिळतोय अशा आवेशाने आवंढा गिळा. १० वेळा, दिवसातून तीनदा. हा घासासोबतही चालतो, थेरपिस्टने परवानगी दिली असेल तर. चूक अशी होते की जोर मानेत आणि खांद्यांत जातो, घसा तसाच राहतो. आरशात खांदे उचललेले दिसले की थांबवा.

दुसरा: जिभेचं टोक पुढच्या दातांमध्ये हलकं धरून आवंढा गिळायचा. जीभ पुढे अडकल्यामुळे घशाच्या मागच्या भिंतीला पुढे यावं लागतं, तिचा व्यायाम होतो. ५ ते १० वेळा. हा फक्त कोरड्या आवंढ्यावर करायचा. जीभ धरलेली असताना अन्न किंवा पाणी गिळलं तर घशात उरतं आणि श्वासनलिकेकडे जातं. यादीतून व्यायाम उचलणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

कंठमणी वर धरून ठेवणं

स्वरयंत्र उचलतं पण लगेच खाली येतं, अशांसाठी. दोन बोटं कंठमण्यावर ठेवा. आवंढा गिळा. कंठमणी वर पोचल्याचं बोटांना जाणवलं की त्याच क्षणी गळ्याचे स्नायू आवळून त्याला २ ते ३ सेकंद वरच रोखा, मग सोडा. बोटांनी ढकलायचं नाही, बोटं फक्त पहारेकरी.

वाचायला सोपा आणि करायला सगळ्यांत अवघड असा हा व्यायाम आहे. शिकायला आठवडा लागला तरी नवल नाही. बरेच जण आवंढा पूर्ण झाल्यावर श्वास रोखून बसतात आणि धरलं असं समजतात. ओळखायची खूण: धरलेल्या वेळात कंठमणी बोटांखालून खाली सरकला का? सरकला तर मोजू नका. ज्याला सूचना नीट समजत नाहीत त्याच्यावर हा लादू नका, वेळ दुसऱ्या व्यायामाला द्या.

झोपून डोकं उचलणं

अन्ननलिकेचं दार उघडायला मदत करणारा हा व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. शेकर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या गटाचा पहिला अभ्यास १९९७ मध्ये आला. हनुवटीखालचे जे स्नायू कंठमणी वर-पुढे ओढतात, त्यांनाच डोक्याचं वजन उचलायला लावायचं.

उशी न घेता सपाट झोपा, शक्यतो सतरंजीवर. मऊ गादीत खांदे रुततात. खांदे जमिनीला टेकलेलेच ठेवून फक्त डोकं इतकं उचला की पायाचे अंगठे दिसतील. तोंड मिटलेलं, श्वास चालू.

१. ६० सेकंद धरा, ६० सेकंद विश्रांती. असं तीनदा.
२. मग न थांबता ३० वेळा डोकं उचला-टेकवा.

दिवसातून तीनदा, सहा आठवडे. हे पूर्ण माप आहे. सत्तरीतल्या माणसाला पहिल्या दिवशी ६० सेकंद जमत नाहीत, १० सेकंदांपासून सुरुवात करून दर दोन-तीन दिवसांनी पाच सेकंद वाढवले तरी चालतं. बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच मान दुखते म्हणून सोडतात. मान थोडी भरून येणं स्वाभाविक आहे. हाताला मुंग्या येणं, चक्कर येणं किंवा छातीत दुखणं ही लगेच थांबायची खूण आहे. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनी, मानेची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गळ्याला श्वासाची नळी असलेल्यांनी आणि ज्यांचं ब्लड प्रेशर ताब्यात नाही त्यांनी हा करू नये.

खरं सांगायचं तर बहुतेक घरांसाठी पुढचा प्रकार आम्ही आधी सुचवू.

हनुवटीखाली चेंडू

सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाचा, दाबल्यावर दबेल असा रबरी चेंडू हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये धरा. चेंडू नसेल तर पंचाची तेवढ्याच जाडीची घट्ट गुंडाळी करून दोऱ्याने बांधा. ताठ बसून हनुवटीने चेंडू खाली दाबा. क्रम तोच: ६० सेकंद दाब तीनदा, मग ३० वेळा दाब-सोड. बसून करता येतो, मानेच्या बाजूच्या स्नायूंवर ताण कमी पडतो, म्हणून लोक तो शेवटपर्यंत पाळतात. सतरंजीवर झोपून उठायला दोन माणसं लागणाऱ्या घरात हा फरक लहान नाही.

पाठीतून वाकून, अंगाच्या भाराने चेंडू दाबला तर व्यायाम होत नाही. पाठ खुर्चीला टेकलेली हवी. सोडताना हनुवटी पूर्ण वर येऊ द्या.

चेंडूही नको असेल तर तोंड शक्य तितकं मोठं उघडून १० सेकंद धरा. असे ५ वेळा, दिवसातून दोनदा. हनुवटीखालचे तेच स्नायू कामाला लागतात. जबडा निखळण्याची सवय असलेल्यांनी मात्र करू नये.

फुंकण्याचं उपकरण

खोकला दुबळा झाला की चुकून आत गेलेलं बाहेर टाकता येत नाही. पार्किन्सन्समध्ये हे विशेष दिसतं. त्यासाठी दाबाची झडप असलेलं उपकरण मिळतं, ठरलेल्या जोराने फुंकलं तरच झडप उघडते. ५ फुंकरींचे ५ संच, आठवड्यातून ५ दिवस, निदान चार-पाच आठवडे. झडप कमाल ताकदीच्या साधारण ७५ टक्क्यांवर थेरपिस्टने लावून द्यायची आणि दर आठवड्याला तपासायची. गाल फुगत असतील तर बोटांनी आवळून धरा.

ऑपरेशननंतर मिळणारं तीन रंगीत गोळ्यांचं स्पायरोमीटर हे ते उपकरण नव्हे. ते श्वास आत ओढण्यासाठी असतं. घरात पडून आहे म्हणून ते वापरल्याने खोकल्याचा जोर वाढत नाही.

तोंडच उघडत नसेल तर

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूने आखडलेली तोंडं दवाखान्यात कमी होत नाहीत. त्यात रेडिएशन झालं की जबडा आणखी आवळतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का पाहा. समोरच्या दातांतली फट ३५ मिलिमीटरहून कमी असेल तर उपचाराची गरज आहे.

आइस्क्रीमच्या चपट्या काड्या लागतात. सहज बसतील तेवढ्या एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवा, मग मधोमध आणखी एक काडी हळूच घाला. ओढ जाणवली पाहिजे, कळ नको. ३० सेकंद धरा. असे ५ वेळा, दिवसातून ५ वेळा. काड्यांची संख्या रोज वहीत लिहा. आठवड्याला एक वाढली तरी उत्तम. हलणाऱ्या दातांवर काड्या दाबू नका. जबड्यात धातूची पट्टी बसवली असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

रेडिएशन घेणाऱ्यांनी सगळे व्यायाम उपचार सुरू होण्याआधी शिकून घ्यावेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटलेलं असताना नवं काही शिकणं होत नाही. त्या काळात वेदनाशामक औषध घेऊन अर्ध्या तासाने व्यायामाला बसा, आकडे निम्मे करा, पण सराव मोडू नका. नळी घातली असली तरी डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज काहीतरी तोंडाने गिळत राहा. महिनाभर न वापरलेला घसा पुन्हा चालता करणं फार जड जातं.

ताटातलं

गिळण्याचा सर्वांत चांगला व्यायाम गिळणंच, म्हणून काय गिळायचं तेही ठरवावं लागतं. पातळ पाणी सर्वांत वेगाने घसरतं, त्यामुळे अर्धांगवायूच्या रुग्णाला तेच सर्वांत कठीण जातं. घट्टपणा डोळ्यांनी ठरवू नका. १० मिलिच्या सिरिंजची सुई आणि दट्ट्या काढा (शून्य ते दहाच्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेलीच सिरिंज हवी), टोक बोटाने बंद करून १० मिलि द्रव भरा, १० सेकंद सोडा. १ ते ४ मिलि उरलं तर किंचित दाट, ४ ते ८ उरलं तर थोडं दाट, ८ हून जास्त उरलं तर मध्यम दाट. काहीच वाहिलं नाही तर ते चमच्याने खायचं. ही आयडीडीएसआय नावाच्या आंतरराष्ट्रीय मापाची पद्धत आहे. थेरपिस्टकडून आपला आकडा विचारून घ्या.

नाचणीचं आंबील किंवा तांदळाची पेज दाट करून चालते, पण लाळेने पिठूळ पदार्थ पातळ होतात. उष्टा चमचा वाडग्यात बुडत राहिला तर शेवटचे घोट पहिल्यापेक्षा पातळ निघतात. लहान वाटीत थोडं थोडं वाढा. झांथन गोंदाच्या तयार पावडरने दाट केलेलं मात्र लाळेने पातळ होत नाही.

गुरगुट्या भात, घट्ट वरण आणि तूप यासारखं सोयीचं जेवण नाही. आमटी-भात मात्र टाळा. आमटी आधी पळते आणि शितं मागे राहतात, घशाला एकाच वेळी दोन वेगांचं काम पडतं. पोहे, चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, कोरडी भाकरी, साबुदाण्याची खिचडी, द्राक्षं हे पुढच्या तपासणीपर्यंत बाजूला ठेवा. गोळ्या कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारा, सगळ्या कुटायच्या नसतात.

एका वेळी चहाचा अर्धा चमचा. तोंड रिकामं झाल्याचं पाहून पुढचा. टीव्ही बंद. जेवण झाल्यावर ३० मिनिटं बसूनच राहायचं. हनुवटी छातीकडे झुकवणं किंवा लुळ्या बाजूला मान वळवून गिळणं या युक्त्यांचा काहींना चटकन फायदा होतो, काहींना उलटा त्रास. तपासणीत पाहिल्याशिवाय ठरवू नका. श्वास रोखून गिळण्याची युक्ती हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावी.

घास पूर्ण अडकला, खोकता-बोलता येत नाही, अशा वेळी माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने ५ जोरदार थापा. तरी निघाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत-वर ५ झटके. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करायचा.

कुणी जोर लावू नये

मायस्थेनियामध्ये स्नायू वापराने थकतात, आणि एएलएससारख्या आजारात ते झिजत जातात. अशांना जास्तीचा जोर अपायकारक ठरू शकतो, त्यांचा कार्यक्रम न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच ठरवायचा. न्यूमोनिया चालू असताना, ताप असताना, झोपेची गुंगी असताना सगळंच थांबवा. घशाला लावायचे विजेचे पॅच हल्ली बरेच सुचवले जातात. पॅच लावून नुसतं बसवून ठेवलं जात असेल आणि सोबत गिळण्याचा सराव होत नसेल, तर त्यावर पैसे घालवू नका.

वही

रोज तीन रकाने: कोणता व्यायाम किती झाला, ठसके किती, ताप. आठवड्याला एकदा वजन, त्याच काट्यावर. सहा ते आठ आठवड्यांनी वही घेऊन पुन्हा तपासणीला जा. आकडे भरलेत आणि फरक नाही, तर बहुधा व्यायामाची निवड चुकली आहे. आकडेच अर्धे असतील तर व्यायाम बदलायची घाई नको.

सुधारणा झाल्यावर आठवड्यातून दोन-तीन दिवस चालू ठेवा, पूर्ण सोडलं तर मिळवलेली ताकद काही आठवड्यांत उतरू लागते. रेडिएशन झालेल्यांनी तर काड्या आणि चेंडू वर्षानुवर्षं हाताशी ठेवावेत. त्यांच्या गळ्याचे स्नायू उपचार संपल्यावर कित्येक वर्षांनीही आखडत जातात, आणि पहिली खूण बहुतेकदा जुनीच असते: पाणी पिताना लागलेला ठसका.